शेल कॉर्डोव्हनचे बूट: घ्यावेत का, आणि घेतले तर कुणी?

उत्तररात्र

मागच्या महिन्यात इथल्या पट्ट्यांवरच्या चर्चेच्या धाग्यावर मी ओघात कॉर्डोव्हनचं, म्हणजे घोड्याच्या एका खास चामड्याचं, नाव काढलं आणि तिघाचौघांनी व्यक्तिगत निरोप (व्यनि) करून विचारलं. प्रत्येकाला वेगळं लिहिण्यापेक्षा इथेच सविस्तर मांडतो.

माझ्याकडे कॉर्डोव्हनचा एकच जोड आहे. अमेरिकेतल्या ऑल्डन कंपनीचा, ९९० क्रमांकाचा, पुढचं टोक साधं, रंग 'कलर एट', म्हणजे पिकलेल्या जांभळाच्या जवळचा. सात हिवाळे शिकागोत वापरलाय. मला हे बूट मनापासून आवडतात. तरीही मागेल त्याला 'घे' म्हणून सांगायला माझी जीभ रेटत नाही, त्याची कारणं खाली येतीलच.

आधी ही वस्तू काय आहे ते. घोड्याच्या पुठ्ठ्यावर कातडीच्या पोटात घट्ट तंतूंचा एक चपटा थर असतो. कातडं दोन्ही बाजूंनी तासत गेलं की तो उघडा पडतो. तोच शेल. एका घोड्यामागे असे दोन लंबगोल तुकडे निघतात, त्यात बुटांचा जेमतेम एक जोड बसतो. नाव स्पेनमधल्या कोर्दोबा शहरावरून पडलं, पण आज हे चामडं म्हटलं की आधी शिकागोची हॉरवीन टॅनरी, म्हणजे चामडं कमावायचा कारखाना, डोळ्यापुढे येते. युक्रेनमधून आलेल्या इसाडोर हॉरवीन यांनी १९०५ साली ती सुरू केली. तेव्हा हे चामडं जायचं न्हाव्यांकडे, वस्तऱ्याला धार लावायच्या पट्ट्यांसाठी. पुढे घरोघरी सेफ्टी रेझर आला, पट्ट्यांचा धंदा बसला, आणि कॉर्डोव्हन बुटांकडे वळलं.

कमावायला सहा महिने लागतात. झाडांच्या साली-लाकडातल्या टॅनिनच्या, म्हणजे चामडं कमावणाऱ्या तुरट द्रव्याच्या, हौदात मुरवायचं, तासायचं, पुन्हा मुरवायचं. मग गरम तेल-चरबी-मेण भरायचं, काचेवर चिकटवून वाळवायचं, आणि तेल आत मुरेपर्यंत तसंच ठेवून द्यायचं. त्यानंतर हाताने तासून शेल मोकळा करतात, हातानेच रंग चढवतात, आणि शेवटी काचेच्या रुळाने घोटून चकाकी आणतात. शेल तासणारा माणूस घडायला वर्षं जातात. पातं केसभर खोल गेलं तर सहा महिन्यांची मेहनत वाया.

आता पायात काय जाणवतं ते. नेहमीच्या चामड्याला केसांची छिद्रं असलेला वरचा पापुद्रा असतो. बूट वाकला की त्याला बारीक सुरकुत्या पडतात आणि काही वर्षांनी तिथेच चीर जाते. शेलला तो पापुद्राच नाही. त्यामुळे सुरकुती पडत नाही, वळी पडते. बोटांच्या मागे, जिथे पाऊल दुमडतं, तिथे दोन-तीन गुबगुबीत वळ्या. काहींना त्या कुरूप वाटतात. मला स्वतःला वासराच्या चामड्यावरच्या जाळीपेक्षा त्या कितीतरी बऱ्या वाटतात, आणि सात वर्षांत माझ्या जोडाला एकही चीर गेलेली नाही.

चकाकीसाठी पॉलिश जवळजवळ लागतच नाही. ओलसर फडक्याने धूळ पुसायची आणि घोड्याच्या केसांच्या ब्रशने पाच मिनिटं जोरात घासायचं. आतलं मेण घासण्याच्या उबेने वर येतं आणि बूट आतून उजळल्यासारखा दिसतो. क्रीम मी वर्षातून दोनदा लावतो, तेही नखाएवढं.

आता जे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं ते.

पहिलं, पाणी. हे चामडं चिवट आहे म्हणून पाण्याला भीत नाही, असा माझा समज होता. पहिल्याच एप्रिलमध्ये भुरभुर पावसात दोन चौक चाललो. घरी येऊन बघतो तर जिथे जिथे थेंब पडले तिथे तिथे मसुराएवढे फोड. उन्हात तिरपा धरला की गोवर आल्यासारखा दिसायचा. पाणी शिरलं की तंतू तेवढ्याच जागी फुगतात, म्हणून असं होतं. वाळवून, घासून ते बसले, पण त्या रात्री माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

दुसरं, हवा. हे चामडं दाट आणि तेलाने भरलेलं, त्यामुळे पाय कोंडतो. नोव्हेंबर ते मार्च सुख आहे. जुलैत मी ते बाहेरच काढत नाही.

तिसरं, माप. हे चामडं फारसं सैल होत नाही. 'वापरून वापरून होईल नीट' हे वासराच्या चामड्याला चालतं, इथे नाही. ज्या कलबुतावर, म्हणजे पावलाच्या आकाराच्या साच्यावर, बूट ओढलाय त्याचं माप माहीत असायलाच हवं. ऑल्डनचं बॅरी कलबूत मोठं बसतं, बहुतेकांना अर्धा नंबर कमी घ्यावा लागतो. दुकानात मला माझा नेहमीचा नंबर दिला गेला, मीही घाईत होतो, आणि टाच उचलली जात राहिली. तो जोड परत करून हा मिळवायला पाच महिने वाट पाहिली.

चौथं, किंमत. नवा जोड आठशे डॉलरच्या वर. चांगल्या वासराच्या चामड्याचे, वेल्ट शिवणीचे (वरचं चामडं आणि सोल यांना जोडणारी पट्टी शिवलेले) दोन जोड त्यात येतात.

कुणाकडे जोड असेल तर अनुभव लिहा. घ्यायच्या विचारात असाल तर राहता कुठे तेही सांगा, कारण माझ्या मते निम्मं उत्तर त्यात आहे.

कोकणकडा

फार छान लिहिलंय. मीच त्या व्यनिवाल्यांपैकी एक. मेहुणा डिसेंबरमध्ये बोस्टनहून येतोय, "भावजी, काय आणू?" म्हणून मागे लागलाय. ऑल्डनचा कारखाना मॅसॅच्युसेट्समध्येच आहे ना? माझा मुक्काम रत्नागिरी. कामानिमित्त महिन्यातून दोनदा पुण्या-मुंबईला मिटिंगा. सांगा, आणू का नको?

उत्तररात्र

हो, मिडलबरोला. १८८४ पासूनची कंपनी. पण रत्नागिरी म्हटल्यावर माझं मत 'नको'कडे झुकतं. जूनपासून चार महिने बूट कपाटात राहणार आणि कपाटात बुरशी येणार. सालींनी कमावलेल्या चामड्याला बुरशी लवकर धरते.

केतकी_पिवळी

माझ्या नवऱ्याच्या काळ्या कॉर्डोव्हनवर पांढरं काहीतरी येतं. आम्ही बुरशी समजून व्हिनेगरने पुसलं आणि एक जागा निस्तेज झाली. पुण्यात राहतो, कपाट कोरडं आहे. ही बुरशीच का?

उत्तररात्र

केतकीताई, बहुधा नाही. चामड्यातली चरबी आणि मेण वर येऊन बसतं, द्राक्षाच्या मण्यावर असते तशी पांढुरकी झाक दिसते. इकडे त्याला ब्लूम म्हणतात. वळ्यांमध्ये आणि शिवणीच्या कडेला जास्त येते. ओळखायचं सोपं आहे. हेअर ड्रायर मंद ठेवून हातभर अंतरावरून वारा द्या. मेण असेल तर बघता बघता विरघळून नाहीसं होतं. बुरशी असेल तर हलत नाही, जवळून बघितलं तर लोकरीसारखे तंतू दिसतात आणि नाकाला कुबट वास येतो. ब्लूम हा दोष नाही, नुसत्या ब्रशने जातो. व्हिनेगर लावू नका. ती निस्तेज जागा थोडं क्रीम लावून दहा-पंधरा दिवस रोज घासा, बरीच सुधारेल.

केतकी_पिवळी

ड्रायरने गेलं! डोळ्यांदेखत. दोन वर्षं आम्ही उगाच घाबरत होतो. मनापासून धन्यवाद.

भीमथडी

धागा वाचतोय. माहिती चांगली आहे, पण मला एक बोलल्याशिवाय राहवत नाही. आमच्या घरी कुलदैवत खंडोबा. देवाच्या घोड्याला आम्ही हात जोडतो. आजोबांकडे तट्टू होतं, ते गेलं तेव्हा दोन दिवस घरात कुणी नीट जेवलं नव्हतं. घोड्याच्या पुठ्ठ्याचं चामडं पायात घालायची कल्पना मला सहन होत नाही. कुणाला दुखवायचं नाही, पण फायदे-तोट्यांच्या यादीत हेही यायला हवं.

उत्तररात्र

भीमथडी, तुम्ही हे लिहिलंत ते बरं केलंत, माझ्या मूळ लेखात हे यायला हवं होतं. जेवढं ठाऊक आहे तेवढं सांगतो. चामड्यासाठी म्हणून घोडे मारले जात नाहीत. फ्रान्स, कॅनडाचा क्युबेक प्रांत, जिथे घोड्याचं मांस खाल्लं जातं, तिथून कातडी येतात. अमेरिकेतले घोड्यांचे शेवटचे कत्तलखाने २००७ साली बंद झाले. कच्चा माल मर्यादित आहे तो त्यामुळेच. हॉरवीनने ठरवलं म्हणून उद्या दुप्पट शेल निघणार नाहीत.

पण ही माहिती तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाही, हे मला कळतं. माझे वडील साताऱ्याचे. त्यांना मी बूट दाखवले तेव्हा त्यांनी हातात घेतले, अंगठा फिरवला, कशाचं चामडं ते विचारलं. मी सांगितल्यावर काही न बोलता बूट खाली ठेवले आणि हात धुवून आले. त्यांच्यासमोर मी ते कधी घालत नाही. ज्याला ही गोष्ट टोचते त्याने घेऊ नये, एवढंच मी म्हणेन. पाण्याच्या फोडांवर उपाय आहे, मनाला टोचणाऱ्या गोष्टीवर नाही.

कापशी

पहिल्यांदाच लिहितोय इथे. आमच्या घरात तीन पिढ्या कोल्हापुरीचं काम आहे. कॉर्डोव्हन मी हातात घेतलेलं नाही, पण वर जे कमावण्याचं वर्णन केलंय ते वाचताना अंगणातल्या हौदाचा वास आला. आम्ही बाभळीची साल आणि हिरडा वापरतो, तिकडचं झाड वेगळं, काम तेच. सालीचं चामडं घाई केली की बिघडतं, हे माझे आजोबा रोज म्हणायचे.

दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. एक, ओलं झालेलं सालीचं चामडं उन्हात किंवा चुलीजवळ कधी वाळवू नका. पाणी घाईने गेलं की चामडं कडक होतं आणि मग दुमडताना तडकतं. सावलीत, वाऱ्याला, दोन दिवस. दुसरं, ओल्या चामड्याला लोखंड लावू नका. गंजकी खिळ्याची पेटी, लोखंडी रॅक, काहीही. टॅनिन आणि लोखंड एकत्र आलं की काळा डाग पडतो आणि तो निघत नाही. चपलेच्या तळव्यावर असे डाग मी शेकड्याने बघितलेत.

कोल्हापुरीला २०१९ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, महाराष्ट्रातले आमचे चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार. तेव्हापासून बाहेरचे लोक येऊन विचारतात की ही चप्पल किती वर्षं टिकेल. मी त्यांना उलट विचारतो, तुम्ही तिला तेल द्याल का? पावसात घालाल का? चामडं टिकवणं हे अर्धं घालणाऱ्याच्या हातात असतं.

उत्तररात्र

कापशीदादा, लोखंडाचं मला ठाऊक नव्हतं. माझा रॅक लोखंडीच आहे, रंगवलेला असला तरी एका कोपऱ्यात पोपडा उडालाय. आजच लाकडी घेतो. आणि तुम्ही लिहीत राहा, ही विनंती.

सोनटक्का

मी ओसाकात असते. इथून पश्चिमेला हिमेजी नावाचं शहर आहे, किल्ल्यासाठी प्रसिद्ध, पण चामड्याचंही फार जुनं गाव. तिथल्या शिन्की हिकाकू टॅनरीचं कॉर्डोव्हन हॉरवीनच्या तोडीचं मानतात. दोन्ही शेजारी ठेवून बघितलीयत. शिन्कीचं अंग जास्त गुळगुळीत आणि एकसारखं, हॉरवीनचं जरा तेलकट, त्यात रंगाची खोली जास्त. मला शिन्की आवडतं, माझ्या सहकाऱ्याला हॉरवीन, आणि हा वाद आमच्यात मिटलेला नाही.

एक गंमत वाटेल. जपानमध्ये प्राथमिक शाळेतली मुलं पाठीवर जे कडक दप्तर घेतात, रांदोसेरु, त्याचे महागडे नग कॉर्डोव्हनचे असतात. सहा वर्षं एकच दप्तर, पावसात, बाकावर आपटत, भांडणात. शाळा संपते तेव्हाही ते उभं राहतं. हे चामडं नाजूक आहे असं वाटणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. डाग पडणं वेगळं आणि मोडणं वेगळं.

आणि हो, रंगाचं उत्तररात्र यांनी लिहिलं नाही. कलर एट उन्हाने फिका होतो. खिडकीजवळ ठेवलेला माझा एक बूट तपकिरीकडे गेला आणि कपाटातला तसाच राहिला. आता दोन्ही एकत्र ठेवते.

उत्तररात्र

बरोबर, रंग राहिलाच. माझा जोड नवा असताना जवळजवळ काळा होता. आता टोकाकडे लालसर, वळ्यांच्या माथ्यावर तपकिरी, आणि फटींत अजून मूळचा गडद. माझ्या लेखी या बुटांचं सगळ्यात मोठं सुख हेच आहे. वासराच्या चामड्याचा बूट पहिल्या दिवशी सगळ्यात देखणा असतो. कॉर्डोव्हन चौथ्या-पाचव्या वर्षी तोंड उघडतं.

याच रंगापायी मला एक फटका बसला. तीन वर्षांपूर्वी सोल बदलायला एका दुकानात दिले. त्यांनी न विचारता 'स्वच्छ करून' दिले, म्हणजे कडक सॉल्व्हंटने वरचं सगळं फिनिश काढून टाकलं. उजव्या बुटाच्या बाहेरच्या बाजूला तळहाताएवढा फिका पट्टा पडला. त्यावर मी दीड वर्ष ब्रश मारतोय. आता अनोळखी माणसाला दिसत नाही, मला दिसतो. तेव्हा दुरुस्तीला देताना चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहा: फक्त सोल, वरच्या चामड्याला हात नको.

केतकी_पिवळी

सोलचा विषय निघालाच आहे म्हणून. पुण्यात आम्ही एका ठिकाणी दिले, तर त्यांनी जुन्या सोलवरच रबर चिकटवून दिलं. वेल्ट, शिवण, काही बघितलं नाही. भारतात असे बूट घेणाऱ्याने हा विचार आधी करावा. पंचवीस वर्षं टिकणारं वरचं चामडं काय कामाचं, जर खाली शिवणारा हात सापडत नसेल? वेल्ट हातात घेऊन, टाका मोजून, पुन्हा त्याच भोकांतून शिवणारा कारागीर शोधायला आम्हाला वर्ष लागलं. शेवटी सापडला. वय सत्तरीच्या घरात, आणि पुढे कुणी शिकत नाही म्हणाला.

कापशी

ताई, असे हात आहेत, पण त्यांना शोधत कुणी येत नाही म्हणून ते दुसऱ्या कामाला लागतात. माझा चुलतभाऊ हातशिवणीत माझ्यापेक्षा सरस. आता रिक्षा चालवतो.

कोकणकडा

मंडळी, सगळं वाचलं. दोनदा वाचलं. बायकोलाही वाचायला दिलं. ती म्हणाली, "एवढं सगळं वाचूनही तुम्हाला हवेच असतील तर आणा." मला हवे आहेत. काळे, साध्या टोकाचे. मेहुण्याला दुकानात नेऊन पाय मोजता येणार नाही, म्हणून मुंबईत एका ओळखीच्यांकडे ऑल्डनचा बॅरीवरचा जोड आहे तो घालून बघून आलो. तो नऊचा, मला घट्ट झाला, म्हणजे साडेनऊ. पावसाळ्यात ते पुण्याला बहिणीकडे राहतील.

उत्तररात्र

पावसाळ्यात पुण्याला ठेवायची कल्पना उत्तम. कापडी पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये नको. आत लाकडी शू-ट्री (बुटाचा आकार राखणारा साचा), आणि बहिणीला सांगा महिन्यातून एकदा बाहेर काढून वारा द्यायला.

कोकणकडा (फेब्रुवारी)

मदत हवी आहे. काल पुण्यात लग्नाला घातले. पहिल्यांदाच. हात धुवायच्या जागी कुणीतरी भरलेला जग कलंडवला आणि डाव्या बुटावर पाणी. लगेच पुसलं. रात्री घरी येऊन बघतो तर टोकावर सात-आठ फोड. उत्तररात्र यांनी लिहिलेले अगदी तसेच. हात लावायची भीती वाटतेय. काय करू?

उत्तररात्र

काही करू नका आत्ता. आत कोरा कागद भरा, छापील वर्तमानपत्र नको. पंख्याखाली नाही, उन्हात नाही, नुसते खोलीत आडवे ठेवा म्हणजे सोललाही हवा लागेल. दोन दिवसांनी पूर्ण वाळले की ब्रश घ्या आणि मनगट दुखेपर्यंत घासा. तरी राहिलेच तर स्टीलच्या चमच्याची पाठ, चमचा कोरडा आणि स्वच्छ हवा, फोडावर गोल गोल दाबून फिरवा. इकडे त्यासाठी हरणाचं गुळगुळीत हाड विकतात, चमच्यानेही तेच काम होतं.

कापशी

चमचा चालेल, चामडं वाळलेलं असलं तर. ओल्यावर नको, लोखंडाचं आधी लिहिलंय तेच. दाब अंगठ्याचा द्या, मनगटाचा नको.

सोनटक्का

आणि पाणी फक्त टोकावर पडलं असेल तर सगळं पूर्ण वाळल्यावर एकदा अख्ख्या बुटावरून अगदी किंचित ओलसर फडकं फिरवा. नाहीतर पाण्याची कड उमटून राहते.

कोकणकडा

चौथा दिवस. काल अर्धा तास ब्रश मारला, मग चमचा. सात फोड पूर्ण बसले. आठवा, शिवणीच्या अगदी लगतचा, बोट फिरवलं की अजून जरासा लागतो. दिसत मात्र नाही. उद्या रत्नागिरीला निघतोय, बूट बहिणीकडे ठेवले आहेत. तिच्या सासऱ्यांनी ब्रश मागून घेतलाय, म्हणाले रोज सकाळी पेपर येईपर्यंत मी घासत जाईन.